कुसुमबाईंनी फाडलं नाही ते पान

कुसुमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर मासळी निवडत होते. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... बाजूला माझी सोनल सायकल धरून उभी होती. सातवीत आहे. ती माझ्याजवळ आहे, ती या बाईंमुळे.

सोनलच्या जन्मानंतर माझं डोकं बिघडलं. झोप उडाली, रडणं थांबेना. सासरच्यांनी पोर ठेवून घेतली आणि मला धानोऱ्याला माहेरी धाडलं. औषधांनी मी बरी झाले, पण तोवर ती तीन वर्षांची झाली होती. न्यायालयानं ठरवून दिलं, दर शनिवारी गडचिरोलीच्या भेटीच्या खोलीत, देखरेखीखाली, एक तास. देखरेखीला कुसुमबाई. निवृत्त अंगणवाडी सेविका, मांडीवर वही. भेटीत जे घडेल ते लिहून न्यायाधीशांकडे पाठवायचं, हे त्यांचं काम.

पहिल्या दिवशी सोनल आजीच्या लुगड्यामागे लपली. मी हाका मारून थकले. बाई म्हणाल्या, "बलावू नको तिले. घरी काय करतं तू, तेच कर इथी." पुढच्या शनिवारी मी फाटकं जाळं नेलं आणि जमिनीवर बसून विणत राहिले. त्यानंतरच्या शनिवारी सोनलनं हळूच येऊन दोऱ्याचं टोक धरलं...

मग तो वाईट दिवस आला. निघताना सोनलनं तिला न्यायला आलेल्या आत्याला "आई" अशी हाक मारली. मी तिचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "मी आहो तुही आई!" पोर किंचाळली. बाईंनी भेट तिथंच थांबवली आणि सगळं लिहून काढलं. पान फाडा म्हणून मी पाया पडले. त्यांनी फाडलं नाही.

"काऊन लिवलं बाई? गेली आता माही पोरगी."

"आज खोटं लिवलं, तं उद्या तुह्यं चांगलं लिवलेलं कोण खरं मानंल?"

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पण एकही शनिवार चुकवला नाही. जीव भरून आला की बाहेर जाऊन तोंड धुवायचे नि परत येऊन बसायचे.

निकालाच्या दिवशी सासरच्यांचे वकील म्हणाले, बाई हिच्या बाजूनं लिहितात. न्यायाधीशांनी तेच पान काढून मोठ्यानं वाचलं. माझी मान खाली गेली. मग ते म्हणाले, "बाजू घेणारी बाई हे लिहील?" आणि पुढची पानं उलटत गेले, शनिवारामागून शनिवार... सोनल मला मिळाली. तिला कडेवर घेऊन मी धानोऱ्याच्या बसमध्ये चढले, तेव्हा बाई खाली उभ्या राहून हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

परवा आम्ही दोघी त्या खोलीत गेलो. तिथं आता दुसऱ्या ताई आहेत. दोन्ही घरांच्या चपला दाराशी एका ओळीत लावायची बाईंची सवय त्यांनीही उचलली आहे. आत एक तरुण आई बसली होती, तिचं पोरगं भिंतीकडे तोंड करून. आम्ही कोण ते ताईंनी सांगितलं, तशी ती आमच्याकडे वळून म्हणाली, "माह्याकडं येईल का जी हा?"

मी बोलायच्या आत सोनल म्हणाली, "येते. मी आली नं!"