चष्मेवाल्या बाईंची धून

माझ्या धाकट्या दिराला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे ठोक्या म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळकरी होता आणि ताट वाढून होईपर्यंत चमच्याने वाटीवर ठेका धरून बसायचा. सासूबाई म्हणायच्या, याच्या बोटांना कोणीतरी कुलूप लावा. पुढे त्याच बोटांनी त्याला पोटाला लावलं. शहरातल्या एका लहान बातम्यांच्या चॅनेलवर तो चित्रांखाली संगीत घालतो. पूल खचला, पुढारी बोलले, हरवलेलं मांजर सापडलं, प्रत्येक बातमीखाली काहीतरी वाजत असतं, ते वाजवणारा आमचा ठोक्या. लोकांना वाटतं, बातमी आपली आपणच तशी वाजते.

एकदा तो डबा विसरला म्हणून मी द्यायला गेले होते. खोली कसली, जिन्याखालची अडगळच. भिंतींना पुठ्ठे चिकटवलेले, टेबलावर दोन पडदे आणि पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. पडद्यावर माणसं तावातावाने बोलत होती आणि आवाज बंद. मी विचारलं, ती काय म्हणतायत ते तू ऐकत नाहीस का? तर म्हणाला, "वहिनी, बोलणं ऐकलं की ठेका चुकतो. बोलण्याचं बघायला वर माणसं आहेत. मी फक्त हालचाल बघतो." मला त्याचं केवढं कौतुक वाटलं. घरी येऊन मी ते दहा जणांना सांगितलं.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या भागात एकीकडे जुने नगरसेवक, ज्यांच्या आधी त्यांचे वडील होते. दुसरीकडे विरोधी पक्षाचे कंत्राटदार. आणि तिसऱ्या, कोणाच्या ध्यानीमनी नसताना उभ्या राहिलेल्या चष्मेवाल्या बाई. इस्पितळाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. आमच्या घरातला प्रत्येक चष्मा तिथलाच, ठोक्याचासुद्धा. त्यांच्यामागे ना पक्ष, ना गाडी, ना माणसं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढायच्या, पत्रकांची पिशवी खांद्याला अडकवायच्या आणि दारोदार जायच्या. गिऱ्हाईक येऊन परत जाऊ नये म्हणून सगळी घाई. छोटी छोटी भराभर पावलं, आणि प्रत्येक तिसऱ्या पावलाला पिशवी कमरेवर आपटायची.

संपादकांनी ठोक्याला सांगितलं होतं, दोघा मोठ्यांना नगारे घाल. या बाई अपक्ष आहेत, त्यांचं जरा हलकंफुलकं ठेव. कोणी वाईट मनाने सांगितलं असं तो आजही म्हणत नाही. चॅनेलची रीतच तशी. पक्षाचा उमेदवार म्हणजे बातमी, आणि असा एकटा माणूस म्हणजे बातम्या संपताना जरा गंमत.

ठोक्याने ती पावलं पाहिली आणि त्याची बोटं शिवशिवली. दोन पावलांना जाड्या पिपाणीचा आवाज, आणि पिशवी आपटली की वर एक बारीक घंटी. भोंप, भोंप, टिंग. भोंप, भोंप, टिंग. एकही पाऊल सुटलं नाही. चॅनेलवर लागायच्या आधी त्याने ते फोनवर आम्हाला दाखवलं. आम्ही हसून हसून बेजार झालो. हे तर खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. सासूबाई "बिचारी" म्हणाल्या आणि पुन्हा लावायला सांगितलं. मीही पदराने डोळे पुसत होते.

आठवडाभरात ती धून शहरभर झाली. बाईंचं चित्र यायच्या आधीच बातम्या देणारी मुलगी ओठ दाबून हसायची. वार्ताहर त्यांना "आपल्या टिंगबाई" म्हणायला लागले. कंत्राटदारांच्या सभेला किती गाड्या होत्या, नगरसेवकांनी कोणाला काय उत्तर दिलं, हे सगळं सविस्तर यायचं. बाई काय म्हणाल्या, ते कधी आलं नाही. त्या नुसत्या चालायच्या. मी एक दिवस सकाळी दिवा लावून डोळे मिटले, जप सुरू केला, आणि दोन-चार वेळा झाल्यावर लक्षात आलं की देवाचं नाव मी त्या ठेक्यावर घेतेय. मी देवाची क्षमा मागितली. बाईंची मागायला हवी, हे तेव्हा काही सुचलं नाही.

त्यानंतर एका दुपारी ठोक्या जेवायला घरी आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. वाटी समोर होती, चमचा होता, पण बोटं गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. रस्त्याने बाई पुढे चालल्या होत्या आणि मागे पोरांचं टोळकं भोंप भोंप करत होतं. बाईंनी पावलं हळू केली. पोरांनी धून हळू केली. बाईंनी लांब लांब ढांगा टाकल्या. पोरांनी धून ताणली. मग बाई एक पाऊल छोटं, एक मोठं, मध्येच थांबत, अशा काहीतरीच चालायला लागल्या.

"वहिनी, त्या माझ्या ठेक्यातून निसटायला बघत होत्या," तो म्हणाला. "स्वतःच्या चालीने चालायची सोय नाही ठेवली मी त्यांना."

जेवण तसंच टाकून तो उठला. चॅनेलवर जाऊन त्याने बाईंची सगळी चित्रं काढली आणि पहिल्यांदा आवाज चालू करून ऐकली. संध्याकाळी एवढंच म्हणाला की, बाई प्रत्येक दारात काहीतरी सांगत होत्या, तेच तेच, समजावून. आणि त्या सगळ्यावर आपण पिपाणी वाजवली.

मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराला अर्धा मिनिट दाखवायचं होतं. ठोक्याने ठरवलं, बाईंच्या खाली काही वाजवायचं नाही. त्यांचा आवाज, त्यांचं बोलणं, बास. संपादक नको म्हणाले. म्हणे, लोक धुनीसाठी थांबतात, ती काढलीस तर त्यांना वाटेल टीव्ही बिघडला. ठोक्याने मान डोलावली आणि अगदी शेवटच्या घटकेला आपल्या मनासारखं पाठवून दिलं. नोकरी गेली तर गेली, असं मला सांगून ठेवलं होतं. मी त्याच्यासाठी देवाला हात जोडले होते.

त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसलो. ठोक्या दारात उभा. नगरसेवकांना नगारे वाजले, कंत्राटदारांना वाजले. मग बाई दिसल्या, कोणाच्या तरी उंबऱ्याशी उभ्या. खाली शांत. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि आमची धाकटी लेक सवयीने गुणगुणली, भोंप, भोंप. यांनी कपावर चमचा मारला, टिंग. सासूबाई हसल्या. मी "गप्प बसा" म्हणाले, पण म्हणताना मलाही हसू फुटलं होतं. शेजारच्या उघड्या खिडकीतूनही तेच ऐकू येत होतं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. अर्धा मिनिट असा गेला. बाई काय बोलल्या, ते आमच्या घरात कोणालाही कळलं नाही.

मी वळून पाहिलं तर दारात ठोक्या नव्हता.

नोकरी गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी संपादकांनी पाठ थोपटली. म्हणाले, जागा रिकामी सोडलीस आणि लोकांनीच भरली, असली युक्ती मला सुचली नसती. ठोक्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

बाई पडल्या. पडणारच होत्या, असं सगळे म्हणाले.

नंतर सासूबाईंनी घोशा लावला की संध्याकाळी काही दिसत नाही, नंबर वाढलाय, दोनदा ठेचकाळले. म्हणून मी त्यांना घेऊन बाईंच्या दुकानात गेले. ठोक्या आपणहून बरोबर आला. बाईंनी सासूबाईंना तपासायची जड फ्रेम घातली आणि एकेक काच बदलून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. काचा बदलता बदलता त्या गुणगुणत होत्या. भोंप, भोंप, टिंग. त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी ठोक्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"बाई, ती धून मी केली," तो म्हणाला.

बाई थबकल्या. हातातली काच त्यांनी रुमालाने पुसली, फ्रेममध्ये बसवली.

"पावलांवर छान बसली होती," त्या म्हणाल्या. "मलाच डोक्यातून काढता येत नाही, दुसऱ्यांना काय बोलू?" मग माझ्याकडे वळून त्यांनी साधंच विचारलं, "शेवटच्या वेळी मी काय सांगत होते, ते ऐकलंत का हो तुम्ही?"

मी सासूबाईंच्या खांद्यावरची शाल सारखी करत राहिले. ती सारखीच होती.

उत्तर ठोक्याने दिलं. बाई जशा थांबत थांबत बोलल्या असतील, तसंच. "संध्याकाळी दिसत नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे येता. तपासते तर डोळे ठीक असतात. आपल्या रस्त्यांवरचे दिवे बंद आहेत. चष्मे मी कितीही विकीन, पण तुम्हाला चष्मा नकोय, दिवे हवेत."

बाईंनी सासूबाईंच्या डोळ्यांवरची फ्रेम काढली आणि त्यांचा जुना चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

"आजी, नंबर तोच आहे. नवा नको."

परत निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. इस्पितळापासून आमच्या घरापर्यंत एकही दिवा नाही. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने जातेय. सासूबाईंनी ठोक्याचा दंड घट्ट धरला होता आणि "मेलं काही दिसत नाही," असं पुटपुटत होत्या. त्यांच्यासाठी तो छोटी छोटी पावलं टाकत होता. मी मागून येत होते. त्या दोघांच्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि त्यावर माझ्या ओठांवर जे आलं ते मी पदराने दाबलं. घरी येऊन दिवा लावला, पण त्या दिवशी देवासमोर मला डोळे मिटवले नाहीत.