चिंधीकडे न दिलेला निरोप

माझा मामा सोफे दुरुस्त करतो. मूठभर बारीक खिळे तोंडात भरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, डाव्या हाताने कापड ताणून धरायचं आणि उजव्या हातातल्या हातोडीने खिळा बसवायचा, ही त्याची पद्धत. त्यामुळे काम करताना तो बोलत नाही. गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे. ती आपलं म्हणणं सांगतात, मामा मान हलवतो, आणि तो होकार की नकार हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

"लग्नात मला वाटलं, मुलगा फार गंभीर दिसतोय," मामी पूर्वी सगळ्यांना सांगायची. "नंतर कळलं, तोंडात खिळे आहेत."

दादा गेल्यावर तिने हा विनोद सोडला, आणि मामाशी बोलणंही सोडलं.

दादा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मी तेव्हा शाळेत होते. एक मोठा सोफा गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा होता आणि टेम्पोत मागे तो धरून बसायला कुणीतरी हवं होतं. मामाने दादाला बसवलं. उतारावरच्या वळणावर टेम्पो उलटला. टेम्पोवाल्याचा हात मोडला. सोफा धड राहिला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मामी मामाला एकच वाक्य बोलली. "तुम्हीच पाठवलंत." ओरडून नाही. नळ चालू राहिलाय असं सांगावं, तशा आवाजात.

पुढे भांडण झालं नाही, कुणी घर सोडून गेलं नाही. ती ताट वाढून झाकून ठेवायची, तो जेवायचा, ताट धुऊन पालथं घालायचा. "गॅस संपलाय," ती खिडकीकडे बघत म्हणायची, आणि तासाभराने सिलिंडर आलेला असायचा. त्या घरातून 'अहो' हा शब्दच निघून गेला. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, मध्ये फक्त एक जाड पडदा. मामी त्या पडद्यापर्यंत यायची, पण पलीकडे पाऊल टाकायची नाही.

दोघंही प्रकृतीने उतरली. मामाने कामं घेणं थांबवलं. सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर नुसता बसून राहायचा. रक्तदाब वाढला, साखर वाढली, झोप गेली. मामी घराबाहेर पडेना. गुडघे आखडले, केस विंचरायचा कंटाळा येऊ लागला. अधूनमधून ती दादाचं कपाट उघडून कपड्यांना नाक लावायची. प्रत्येक कपड्याला साबणाचाच वास. "एक तरी कपडा बिनधुतलेला राहायला हवा होता," ती माझ्या आईला म्हणाली होती. आई त्यांच्याकडून परत आली की जेवायची नाही. "उभ्या उभ्या वाळतायत दोघं," एवढंच म्हणायची.

मग एक सोफा आला. मामा नको म्हणत होता तरी गिऱ्हाईक तो दारात टाकूनच गेलं. कुठल्याशा गोदामात पडून राहिलेला, धुळीने माखलेला. नाइलाजाने मामाने तो उलटा केला, खालचं अस्तर उसवलं, तर आत स्प्रिंगांच्या मधल्या काथ्यात कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या आईने बाकीची पिल्लं हलवली असावीत, हे एक मागे राहिलं होतं. मुठीएवढं, डोळे जेमतेम उघडलेले. मामाने ते उचलून कापडाच्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं आणि वाटीत दूध आणून पुढे धरलं. ते पिईना, नुसतं कुईकुई करत राहिलं.

पडदा हलला. मामी उंबऱ्यात उभी होती.

"अगं बाई," ती पिल्लाला म्हणाली, "फ्रीजमधलं गार दूध कुणी पितं का? सांग की तुझ्या मालकांना, कोमट करून आणा म्हणावं."

मामा उठला. दूध कोमट केलं.

"आणि वाटीत तोंड बुडेल म्हणावं. बशी घ्या."

मामाने बशी घेतली. पिल्लू चाटून चाटून दूध प्यायलं आणि बशीतच झोपलं. मला हे सांगताना मामा म्हणाला होता, "ती दोन वाक्यं बोलली. मी त्या दिवशी जेवलो."

पिल्लाचं नाव चिंधी पडलं, आणि घरात बोलण्याची वाट तिच्यावरून सुरू झाली.

"चिंधे, विचार त्यांना, जेवायला येताय की खिळ्यांनीच पोट भरलंय?"

"चिंधे, सांग तिला, एवढी बाजू संपवून आलोच."

"त्यांची एक बाजू म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे म्हणावं. वाढून ठेवते, गार झालं तर तुला घालीन."

चिंधी दोघांच्या मध्ये, पडद्याखाली अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी पसरलेली असायची. ज्याचा आवाज येई तिकडे कान वळवायची. निरोप खरंच तिच्यातून जातोय असं वाटावं, इतकं मनापासून ऐकायची.

तिला गल्लीत पाय मोकळे करणं पुरायचं नाही. मोठं मैदान लागायचं. म्हणून मामा सकाळी तिला घेऊन लांब जाऊ लागला. आधी धापा टाकत, मग तिच्या बरोबरीने. दुपारी मामा कामात असे, तेव्हा चिंधी पट्टा तोंडात धरून मामीपुढे बसायची. मामी पहिल्यांदा तिला फक्त कोपऱ्यापर्यंत नेऊन आली. मग दुकानांच्या रांगेपर्यंत. लोक चिंधीशी बोलायचे, मग ओघाने मामीशी. दादा गेल्यापासून तिला पाहून लोक रस्ता बदलत होते, काय बोलावं ते न सुचून. आता बोलायला विषय होता, चार पायांचा, शेपटी हलवणारा.

तपासणीचे आकडे बघून डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"गोळ्या त्याच आहेत. मग साखर उतरली कशी?"

"कुत्री पाळलीय," मामा म्हणाला.

"कुठे मिळते? माझीही वाढलीय."

मामीचे केस पुन्हा विंचरलेले दिसू लागले. दोघांना झोप लागायला लागली, कारण चिंधीला रात्री उशिरापर्यंत दिवा लागलेला खपायचा नाही. सुख परत आलं असं मी म्हणणार नाही. पण घर पुन्हा हलू लागलं, आखडलेला सांधा तेल घातल्यावर हलतो तसं, कुरकुरत.

एकदा मामी चिंधीला इंजेक्शन द्यायला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. मी सुट्टीत आलेली, तिच्या बरोबर होते. कंपाउंडर दारात येऊन ओरडला, "चिंधीची आई कोण आहे?"

मामी बसून राहिली.

"अहो, चिंधीची आई आलीय का?"

तिचा हात माझ्या मनगटावर होता. तो घट्ट झाला, मग सुटला. ती उठली. "मी आहे," म्हणाली.

घरी आल्यावर पट्टा खुंटीला अडकवत तिने सांगितलं, "चिंधे, सांग त्यांना, आज तुझ्या दवाखान्यात मला हाक मारली."

"काय म्हणून, विचार," पडद्यापलीकडून मामा.

मामीने नळ सोडला. बराच वेळ ती नळाखाली हात धूत राहिली.

पुढे एम.ए. करायला मी त्यांच्याकडेच राहायला आले. चिंधी तोवर म्हातारी झाली होती, तोंडाभोवती पांढरी. सकाळी मैदानावर मीही कधी कधी बरोबर जायचे. मामा बाकावर टेकायचा, चिंधी त्याच्या पायांवर. एका सकाळी तो म्हणाला, "तुझ्या मामीला एक सांगायचं राहिलंय. दादाचं."

"मग चिंधी आहे की," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. या वेळी नकारार्थी, ते कळलं. "हे तिच्याकडून पाठवण्यासारखं नाही. कितीदा तिच्या कानाशी गेलो. तोंडाशी येतं आणि राहतं."

"मग तूच सांग मामीला."

"मी तोंड उघडलं आणि ती पुन्हा तेच वाक्य बोलली, तर?" तो चिंधीच्या कानामागे खाजवत राहिला. "आत्ता निदान एवढं तरी बोलतो आम्ही."

आणि खरंच, चिंधीकडून सगळे निरोप जायचे, रॉकेलपासून रुसव्यापर्यंत, पण दादाचं नाव कधी गेलं नव्हतं.

त्या वर्षी चिंधी ऐकेनाशी झाली. आधी वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मग ती झोपलेली असताना तिच्याजवळ ताटली पडली तरी उठली नाही. डॉक्टरांनी कानाजवळ टाळ्या वाजवून पाहिल्या. "वय झालं," म्हणाले. आम्ही तिघं ऐकून घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वीसारखंच सुरू झालं. "चिंधे, विचार तिला, दोऱ्याची रिळं कुठे ठेवलीस." चिंधी झोपलेली.

आठवडाभराने खुर्चीची गादी बदलायला शेजारच्या शिक्षिकाबाई आल्या होत्या. मामा खाली वाकून म्हणाला, "चिंधे, सांग तिला, बाईंना चहा दे."

"अहो, तिला काय सांगताय?" बाई हसल्या. "ती तर ठार बहिरी झालीय ना?"

पडद्यामागून आवाज आला. "मला येतं ऐकू."

मामा वाकलेलाच राहिला. बाईंना काही कळलं नाही. त्या गादीच्या रंगाबद्दल बोलत राहिल्या. मी मामीकडे पाहिलं. ती चहाचं भांडं हातात धरून उभी होती, आपण काय बोललो याचीच तिला धास्ती वाटल्यासारखी.

मला वाटलं होतं, आता ती बोलतील. उलटंच झालं. इतकी वर्षं दोघांनी मिळून जपलेलं सोंग बाईंनी हसत हसत उघडं केलं होतं. आता चिंधीला काही सांगायला दोघंही लाजू लागली, आणि सरळ बोलण्याची सवय तर केव्हाच मोडली होती. झाकलेली ताटं परत आली. मामी खिडकीला सांगू लागली. चिंधीला मैदानापर्यंत चालवेना, म्हणून मामाही जाईना. गोळ्यांची पाकिटं तशीच पडून राहू लागली. आणि चिंधी आपली पडद्याखाली, अर्धी इकडे अर्धी तिकडे, काहीच न ऐकता.

एका दुपारी ती चिंध्यांच्या ढिगावर झोपली आणि उठली नाही. मामाने मागच्या अंगणात खड्डा खणला. मऊ कापडाचा एक मोठा तुकडा काढून तिला त्यात गुंडाळलं, कडा आत दुमडून, गिऱ्हाइकाचं काम असावं तशा नीट. मामी बाजूला उभी होती. माती लोटून झाली. मी पाणी घालत होते आणि मनात एकच भीती होती, आता या घरात बोलायला कोण उरलं?

दुसऱ्या दिवशी मामा कामाला बसला. सकाळचं ताट झाकलेलंच होतं. दुकानातून हातोडीचा आवाज येईना. मी पडदा थोडा सारून पाहिलं. मामाच्या तोंडात खिळे, हातात हातोडी, पुढे ताणलेलं कापड, आणि नजर पडद्याखालच्या रिकाम्या जमिनीवर.

मामी माझ्या मागून आली. मला हाताने बाजूला केलं. पडदा सारला आणि दुकानात पाऊल टाकलं.

"अहो."

मामाने वर पाहिलं.

"आधी ते खिळे काढा तोंडातले."

त्याने एकेक करून खिळे तळहातावर काढले. ती उभी राहिली, शेवटचा खिळा निघेपर्यंत.

"बोला आता."

"काय?"

"जे काय आहे ते. सारखे तिच्या कानाशी जात होतात आणि परत येत होतात. मला दिसत नव्हतं का?"

मामा खिळ्यांकडे बघत बोलला. "टेम्पो निघाला होता. तो मागून ओरडला. आईला सांगा म्हणाला, निळा शर्ट भिजवू नको, संध्याकाळी घालायचाय. माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं. मी मान हलवली. सांभाळून जा, एवढंसुद्धा म्हणालो नाही. म्हटलं, एवढी बाजू संपवतो, मग आत जाऊन तुला सांगतो." तो थांबला. "दवाखान्यातून आलो तेव्हा शर्ट दोरीवर होता. तू कपाटात नाक घालून उभी राहायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, मी तेव्हाच उठलो असतो तर तेवढा तरी बिनधुतलेला राहिला असता."

मामी त्या उघड्या सांगाड्याच्या कडेवर बसली. बसताना गुडघा वाजला.

"सकाळीच भिजवला होता मी," ती म्हणाली. "तो अंघोळीला गेला तेव्हाच. तुम्ही येऊन सांगितलं असतंत, तरी तो बादलीतच होता."

मामाने मान वर केली नाही.

"चिडला असता," ती म्हणाली.

"चिडला असताच."

"दोन दिवस बोलला नसता माझ्याशी."

त्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही. पदर तोंडावर धरून ती तशीच बसून राहिली. ते जुनं वाक्य तिने परत घेतलं नाही. ते घेता येण्यासारखं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक असावं. मामाने तळहातावरचे खिळे डब्यात ओतले.

मग तिने डोळे पुसले.

"परत सांगा," म्हणाली. "तो कसा म्हणाला, तसं."

मामाने सांगितलं, हळू आवाजात.

"असं नाही. ओरडला होता ना?"

जन्मात कधी आवाज न चढवलेला माझा मामा उभा राहिला. दुकानाच्या दाराकडे तोंड करून, चालू टेम्पोच्या आवाजातही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने, त्याने आपल्या मुलाचा निरोप त्याच्या आईला दिला.