खालचा कप्पा

माझ्या थोरल्या भावाला आमच्या रस्त्यावर सगळे 'थांबा' म्हणतात. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं, पावत्या फाडायचं काम माझं. गिऱ्हाइकाने सगळं पुसून टाका म्हटलं की दादाचं पहिलं उत्तर ठरलेलं: थांबा. माणसं रागाच्या भरात पुसायला सांगतात आणि आठवड्याने रडत परत येतात, हे त्याने फार पाहिलं होतं. म्हणून पुसण्याआधी तो गुपचूप सगळ्याची नक्कल काढायचा. आत काय आहे ते उघडून बघायचा नाही. नकलेच्या डिस्कवर तारीख चिकटवून ती खालच्या कप्प्यात टाकायची, महिन्याने तीही पुसायची. या कप्प्याचा त्याला भारी अभिमान. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

ती बाई आली ती कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून. तिने घरीच पुसायचा प्रयत्न केला होता. दिसेल ते उडवत सुटली आणि त्यात मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फायलीही गेल्या. आता ते सुरूच होत नव्हतं. म्हणजे सगळं गेलंच ना, असं तिने दोनदा विचारलं. दादाने समजावलं की दार उघडत नाही म्हणून घर रिकामं झालेलं नसतं. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं आणि डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायची, तेव्हा कुठे ती कोरी होते.

"मग तसं करा. मी इथेच बसते," ती म्हणाली.

दादा आत जोडाजोडी करत होता तेव्हा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. नवऱ्याने तिचे नको तसे फोटो काढून ठेवले होते. घर सोडलंस तर ते तुझ्या ऑफिसात आणि तुझ्या वडिलांना पाठवीन, असं तो ऊठसूट ऐकवायचा. ते या एकाच मशीनवर आहेत, याची तिने खात्री केली होती. ते गेले की, महिन्याचा पगार हाती येताच, ती मुलीला घेऊन बहिणीकडे निघून जाणार होती. मी म्हटलं, निर्धास्त राहा, दादाने पुसलेलं कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

कप्प्याची आठवण मला तेव्हाच झाली. पण दादाला अडवायचं तर तिचं गुपित सांगावं लागलं असतं. महिन्याने पुसलं जाणारच आहे, असं मनाशी म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

नक्कल निघत होती तेव्हा तिला वाटलं, हाही कामाचाच भाग. मग शून्यं सुरू झाली. पाच तास ती स्टुलावर बसून पडद्यावरचा आकडा बघत होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. शंभर टक्के झाले तेव्हा ती पहिल्यांदा भिंतीला टेकली.

पुढे आमची पावती नवऱ्याच्या हाती लागली. बाराव्या दिवशी तो दुकानात आला. मी नेमकी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बायकोने रागात मुलीचे लहानपणचे फोटो पुसले, म्हणून तो काउंटरवर डोकं टेकून रडला म्हणे. दादा विरघळला. मी परतले तर स्वारी खुशीत होती.

"आज एका बापाला त्याची पोर परत दिली," तो म्हणाला.

मी कप्पा उघडून पाहिला, तिच्या तारखेची डिस्क तिथे नव्हती. मग सगळं सांगितलं. दादा तिथेच जमिनीवर बसला. पावतीवरच्या तिच्या नंबरावर आम्ही दिवसभर फोन केले, तो बंदच लागला.

आठवड्याने ती आली. फोटो जिथे जायचे तिथे गेले होते. नोकरी सुटली होती, वडिलांनी बोलणं टाकलं होतं. सुटलं नव्हतं ते फक्त घर.

"शंभर होईपर्यंत मी बघत होते," ती म्हणाली.

"पुसलं होतं. पण त्याआधी मी एक नक्कल ठेवली होती. चुकलो मी."

"कुणासाठी ठेवली?"

तिने आवाजही चढवला नाही. ती त्याच स्टुलावर थोडा वेळ बसली. मग मुलीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून उठली.