अक्का हालली नव्हती

माझी थोरली बहीण, अक्का, सोनगीरला राहते आणि काळा मसाला करून विकते. सुरुवातीला तो साध्या पिशवीत जायचा, तोंडाला सुतळी बांधून. वर नाव नाही, गाव नाही. धुळ्याच्या बायका सुतळीच्या गाठीवरून ओळखायच्या. मी जळगावला नोकरीला. सणावाराला गेलो की तिच्या मागे लागायचो, की आता नीट पाकीट हवं, वर लेबल हवं, त्याला ब्रँड म्हणतात. ती म्हणायची, तू शिकलेला, तूच कर.

पाकिटावर तिचाच फोटो घालायचा, ही कल्पनाही माझीच. धुळ्याच्या स्टुडिओत गेलो. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, नथ शेजारणीकडून मागून आणली होती. फोटोवाल्याने हलू नका म्हटल्यावर तिने श्वासच धरला. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, मावशी, श्वास घ्या. फोटो छान आला. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट, नजर थेट समोर.

यापुढचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

जळगावात पाकिटाचं डिझाइन करणाऱ्या बाईंना तो फोटो फार आवडला. हाच ठेवू, म्हणाल्या, बघणाऱ्याला भरवसा वाटेल. मी म्हणालो, "नको, जरा गावंढळ वाटतं." शब्द माझा आहे, त्यांचा नाही. मला ते पाकीट माझ्या ऑफिसातल्या टेबलावर दिसत होतं. तिथे मी इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलत आलो. अक्काचा फोन आला की उठून जिन्यात जायचो, कारण तिच्याशी आमच्या अहिराणी बोलीशिवाय बोलता येत नाही. तर मी विकत मिळणाऱ्या फोटोंतून एक गोरी, हसरी बाई निवडली. तिच्या हातात लाकडी चमचा होता. मिरची कांडताना तिला कुणी पाहिलं असेल, असं वाटत नव्हतं.

अक्काला फोनवर सांगितलं, फोटो हलला.

ती लगेच म्हणाली, "मीच हालनू व्हसू."

मी नाही म्हणालो नाही.

पाकिटं आली. गिऱ्हाइकं विचारू लागली, हाई कोन शे? अक्काने उत्तर तयारच ठेवलं होतं: "मनी बहीन शे. तिले मिरच्या कांडता येत नहीत, म्हनीसन फोटोले बसाडी." अक्काची ही गोरी बहीण ऐकून बायका हसायच्या आणि पाकीट घ्यायच्या. मसाला खपत राहिला, पण तो पाकिटामुळे खपत होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काही जुन्या बायका सुतळीवालाच मागत.

मला बोचत राहिलं ते वेगळंच. ती सगळ्यांना सांगत सुटली होती, की फोटो काढला होता पण मी हालले. भाचीच्या लग्नात मंचावर अक्का खांबासारखी ताठ उभी, गाल फुगवून श्वास धरलेला, आणि शेजारच्यांना दटावत होती, हालू नका. सगळे हसत होते. मी जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

यंदा पाकिटं संपली. पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा ऑफिसच्या खणात दोन वर्षं पडलेला तो फोटो घेऊन मी सोनगीरला गेलो. ती चुलीपाशी बसून खोबरं भाजत होती.

"अक्का, तू हालली नव्हतीस," मी म्हणालो आणि फोटो पुढे केला.

तिने हात पदराला पुसले, फोटो कडेने धरला. "मी हालनूच नही?"

मग सगळं सांगितलं. गावंढळ हा शब्दही सांगितला.

"तुले मनी लाज वाटनी," ती म्हणाली. माझी लाज वाटली का, असं विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. मी हो म्हणालो. खोबरं करपायला लागलं होतं, ते तिने आधी उतरवलं. फोटो पुन्हा हातात घेतला आणि इतका वेळ पाहिला की मी जमिनीकडे बघत बसलो.

"नथ वाकडी शे," ती शेवटी म्हणाली. "आखो काढ. आठेच काढ. तूच काढ."

पुन्हा, आणि इथेच चुलीपाशी. मी मोबाइल काढला. तोंडातून सवयीने निघून गेलं, हलू नको.

"आते मी हालसू, भाऊ," ती म्हणाली, आणि खोबऱ्याचा दुसरा घाणा कढईत टाकून उलथनं फिरवू लागली. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

तो फोटो मी जळगावला नेला. डिझाइनच्या बाई म्हणाल्या, चेहरा झकास आलाय, पण हात पुसट आहे. दुसरा आहे का?

"नाही," मी म्हणालो. "ती हालली आहे. तसंच राहू द्या."