झाकून नेलेली अंडी

आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमागं राहणाऱ्या मावशी सासूच्या वेळेपासूनच्या जुन्या जातीच्या कोंबड्या पाळायच्या. त्या कोंबड्यांची अंडी गडद तपकिरी. "चहानं रंगवल्यात व्हय? बघा की!" म्हणत त्या प्रत्येक अंडं ओल्या फडक्यानं पुसून रंग सुटत नाही हे दाखवायच्या. आमच्याकडची शाकाहारी म्हणवणारी घरं ती डब्यात झाकून न्यायची. त्याच घरांनी वासाची तक्रार करून सोसायटीची मीटिंग बोलावली आणि आवाराच्या जागेतलं खुराडं हलवायचा ठराव केला.

"मावशी, अंडी कोण कोण नेतं ते सांगा!" मी मीटिंगमध्येच सगळ्यांदेखत ओरडलो.

"गिऱ्हाईकाची अब्रू मी काढत न्हाय."

जागा दुसरी नव्हती. त्यांनी सगळ्या कोंबड्या खाटकाला दिल्या. मला मावशींचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांची बायको रिकामा डबा घेऊन त्यांच्या दारात आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ह्या आठवड्याची ठेवलीसा न्हवं?"