जावेचा पश्चात्ताप

पुनरुज्जीवनाची तीन दिवसांची सभा भरणार आहे, आणि त्याआधी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायचं सोडलेल्या माणसांना घरोघर जाऊन बोलवायला स्वयंसेवक हवेत, असं फादरांनी रविवारच्या मिस्सेनंतर जाहीर केलं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. फादरांना वाटलं, मला देवाचं पाचारण आलं. आलं होतं खरं, पण ते कशाचं होतं हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मला माझ्या मोठ्या जावेला देवाकडे वळवायचं होतं, आणि तेही सुडापोटी.

सूड हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाईला तो शोभत नाही हे मला कळतं. शोभेल असा दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

माझं पहिलं मूल जन्मल्यावर काही तासांतच गेलं. मुलगा होता. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला, म्हणून देवळात त्याच्यासाठी काहीच झालं नाही. मी हॉस्पिटलात पडलेली असताना नवऱ्याने आणि सासऱ्यांनी त्याला दफनभूमीच्या कडेला पुरलं. पुढे मला मूल झालं नाही. त्याच वर्षी जावेला मुलगी झाली. तिची धर्ममाता मी व्हायचं, विधीत तिला मी हातात धरायचं, हे घरात आधीच ठरलेलं होतं. बाप्तिस्म्यासाठी तिचा पांढरा फ्रॉक मी हाताने शिवला. त्या दिवशी मुलीला मीच उचलून देवळापर्यंत नेलं. दारात फादर यायची वाट बघत आम्ही सगळे उभे होतो, तेव्हा जाऊ पुढे आली आणि तिने हात पसरले.

"दे इकडं. जिचं सोताचं राह्यलं नाय, तिच्या हातात माजी पोर नको."

मुलगी तिने माझ्या हातातून घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडे दिली. सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या, माझा नवरा घड्याळाकडे. मी शेवटच्या बाकावर बसून सगळा विधी पाहिला. फ्रॉक मी शिवलेलाच होता, तो मात्र चालला.

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो, एका विहिरीचं पाणी प्यायलो, नाताळाला एका कढईत मैद्याचे फुगे तळले. त्या दिवसाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मीही बोलले नाही. मग वाटण्या झाल्या, थोरले दीर एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन गेले, आणि तिकडे गेल्यावर जावेचं देऊळ सुटलं. रविवारी मच्छी, मग झोप, मग टीव्ही. हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

माझा विचार सरळ होता. नुसतं भांडून हिच्याकडून माफी मिळणार नाही, उलट हीच मला वेड्यात काढेल. पण एकदा देवाचा हात काळजाला लागला की माणसाला पश्चात्ताप होतोच, आणि पश्चात्ताप झालेल्या माणसाने ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे आधी जायचं असतं. मुलांना मी हेच शिकवत आले होते. म्हणजे कष्ट देवाने करायचे, आणि जाऊ नाक घासत माझ्या दारात येणार. इतक्या पवित्र मार्गाने सूड उगवायची सोय दुसऱ्या कुठल्या धर्मात असेल असं मला वाटत नाही.

एव्हरशाईन सिटीकडे जायला आमच्यातलं कोणी तयार नव्हतं. स्टेशनच्या पूर्वेला कोण कोणाला ओळखतं, असं म्हणून सगळ्या बायका मागे सरल्या. मी तोच भाग मागून घेतला. वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन गेले, कारण रिकाम्या हाताने गेलं की दार अर्धंच उघडतं. जावेने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज वाट कशी चुकलीस?"

"वैनी, सभा आहे देवळात. तुम्हाला न्यायला आले."

"मला काय झालंय? सभेला दुखनाईत जातात."

दुसऱ्या आठवड्यात तिने चहा दिला. तिसऱ्या खेपेला गुडघे चोळत तिने विचारलं, "काय गं, गुडघ्यांवर प्रार्थना करतात काय तिथं?" मी ताबडतोब म्हटलं, "करतात." मासा गळाला लागला होता. घरी येऊन मी रोजरीची माळ घेऊन बसले आणि दातओठ खाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. तिचं मन वितळू दे, तिला तिचं पाप दिसू दे, लख्ख दिसू दे. नवऱ्याला वाटलं, बायको हळवी झाली.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेरगावाहून आलेला प्रवचनकार, गिटार. पहिल्या दिवशी जाऊ मांडीवर पर्स घट्ट धरून बसली. दुसऱ्या दिवशी गाण्याला तिचे हात वर गेले. तिसऱ्या दिवशी ती हुंदके देऊन रडू लागली, आणि भात शिजत आला की झाकण उचलून बघावं तशी मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते. मी मुद्दाम तिच्या मागे काही रांगा सोडून, वाटेच्या कडेला बसले होते. तिला उठून चालत यावं लागावं, लोकांनी ते बघावं, अशी माझी इच्छा होती.

प्रवचनकार म्हणाला, ज्याचं मन तुम्ही दुखावलंय त्याच्याकडे आत्ता, या क्षणी जा. जाऊ उठली. मी पदर सारखा केला. काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं: देवाने तुम्हाला क्षमा केली, मीही करते. पण ते लगेच म्हणायचं नव्हतं, तिला थोडं ताटकळत ठेवून मग म्हणायचं होतं. ती खुर्च्यांमधून, दुखऱ्या गुडघ्यांनी, डोळे पुसत आली. माझ्यापाशी थांबली, माझ्या खांद्यावर हात टेकला, जोर घेतला आणि पुढे गेली.

मागच्या रांगेत तिच्या बिल्डिंगमधली खालच्या मजल्यावरची बाई बसली होती. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी तिच्या बाल्कनीत गळायचं, त्यावरून दोघींचा अबोला होता. जाऊ तिच्या गळ्यात पडली. दोघी ओक्साबोक्शी रडल्या. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले.

मग ती साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं वळवलं ते सगळ्यांना सांगायला, माईकपाशी गेली. "मी देवाला इसरले व्हते," ती म्हणाली. "माज्या धाकट्या जावंनं मला परत आनलं. केळी घेऊन यायची बिचारी. तिच्या मनात किती माया हाय ते देवालाच म्हाईत." फादरांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले, हसलेसुद्धा. आत नुसती आग होत होती. ती जिचा खांदा आधाराला धरते तिचीच आठवण तिला होत नाही, आणि देव मात्र मला न विचारता तिला सगळं माफ करून मोकळा होतो, याचा मला इतका संताप आला की त्या दिवशी मी देवाशीही बोलले नाही.

आता जाऊ प्रार्थना मंडळात आहे. चंदनसारच्या चाळींत जाते, वालीवला कामगारांच्या खोल्यांवर जाते, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवते. गुडघे बरे झाले म्हणे. फादर मला म्हणतात, हे तुमच्या कामाचं फळ. मी मान डोलावते.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. चहाचा कप बाजूला सारून तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुज्या मनात काय तरी गाठ हाय. प्रार्थनेत मला कळलं. बोल."

मग मी बोलले. देवळाचं दार, फ्रॉक, तिचे शब्द, तिची बहीण, सगळं. तिने नीट ऐकलं, कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं.

"मला नाय गं आठवत."

मी तिचे डोळे बघितले. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. मग ती खुर्चीवरून उतरली आणि त्या बऱ्या झालेल्या गुडघ्यांवर माझ्यासमोर बसली. "पन तू सांगतेस म्हंजे मी बोलले असनार. चुकले मी. माफ कर मला."

जन्मभर जे मागितलं ते पायाशी आलं होतं, आणि मला काहीच वाटलं नाही. जे तिला आठवतच नव्हतं त्याची माफी होती ती. मी म्हटलं, "बघू."

तिला त्याचंही वाईट वाटलं नाही. डोळे पुसून तिने विचारलं, "पोराचं नाव काय ठेवलं व्हतं गं? मी त्याच्या नावानं मिस्सा करायला सांगते. आता अशा लेकरांसाठी पन करतात, चाळीतल्या एका बाईसाठी फादरांना इचारलं व्हतं मी. आयतवारी सगळ्यांसमोर नाव वाचतील."

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. नाव माझ्या नवऱ्याने निवडलं होतं. आम्ही दोघं ते एकमेकांसमोरही उच्चारत नाही. देवळात, भरल्या मिस्सेत ते एकदा ऐकावं असं मला फार वाटायचं, पण फादरांकडे जाऊन मागायचा धीर मला कधी झाला नाही. नाव माझ्या ओठांवर आलं. जाऊ वाट बघत होती, चेहरा अगदी मऊ. मला दिसलं की हे नावही ती उद्या माईकवर नेणार, तिच्या साक्षीत घालणार, आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवणार.

"नाव ठेवलंच नव्हतं," मी म्हणाले.

"अरेरे," ती म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवून तिने बिननावाच्या बाळासाठी मोठ्याने प्रार्थना केली, आणि मी ती होऊ दिली.

ती गेल्यावर नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तिच्यावरचा राग," तो म्हणाला, "आपल्या पोरावर कशाला काढलास?"

मी जावेचा चहाचा कप उचलून धुवायला नेला. जावेला फोन करून नाव सांगायची तयारी मात्र माझी अजूनही नाही.