माहेरचं बाळंतपण

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, पुण्यात झालं म्हणून सासूबाई अजून चारचौघांत माझं कौतुक करतात. "जर्मनीत राहून रीतभात विसरली नाही हो!" मी मान खाली घालून हसते. रीतभात कसली डोंबलाची!

नवरा तेव्हा कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होता. स्कॉलरशिप बेताची, मला कामाचं परमिट नाही. आरोग्यविम्याचे पर्याय दोन. सरकारी घ्यायचा तर महाग, पण त्यात सगळं आलं. खाजगी स्वस्त, पण काय हवं, काय नको त्याच्या चौकटी आपणच भरायच्या. चार पानी जर्मन फॉर्म! आमचा इंजिनिअर काय करणार? कॉलेजात चार वर्षं सीनिअरची जर्नलं उतरवली, तेच इथेही केलं. एका सीनिअरचा भरलेला फॉर्म आणला आणि आम्हा दोघांचे फॉर्म खुणेला खूण लावून उतरवून काढले. "इथले सगळे मराठी लोक हेच करतात," म्हणाला. सीनिअर सडाफटिंग होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, मी शेजारी बसून चहा पीत होते.

पुढे मला दिवस गेले. विमा कंपनीतल्या बाईंनी फॉर्म समोर ठेवला. "बाळंतपण नको" या चौकटीत ठसठशीत फुली आणि खाली माझी सही. आता घेता येईल का? हो, येईल की! फक्त वार्टेत्साइट, म्हणजे थांबायची मुदत, आठ महिने. माझे सात उरले होते. सरकारी विमा आम्हीच लेखी नाकारलेला, तिथे परत घेईनात. बाई इतक्या गोड बोलल्या की भांडायचीही सोय राहिली नाही.

भांडण मग घरी येऊन नवऱ्याशी केलं. "अरे, लग्न तरी स्वतःचं स्वतः केलंस ना?" इथल्या दवाखान्याचा खर्च झेपणारा नव्हता. सातव्या महिन्यात मी एकटीच विमानात बसले. दोन तिकिटं परवडत नव्हती. मुलगी झाल्याचं त्याला फोनवर कळलं.

ती पाच महिन्यांची झाल्यावर आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याने हात पुढे केले तसं तिने भोकाड पसरलं आणि माझी मान घट्ट धरली. मला अजून राग होता, खोटं कशाला बोलू? पण त्याने हात मागे घेतले. "राहू दे, राहू दे, घाबरली ती," म्हणाला. आणि घर येईपर्यंत ट्रेनमध्ये समोरच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसला, ती परत रडू नये म्हणून.